‘नाही’च्या रकान्यातली रेघ

इंदूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाच्या व्हरांड्यात मी पुकाऱ्याची वाट पाहत उभी होते. आईचा फोन आला, तिच्याशी दोन मिनिटे बोलले, आणि फोन ठेवते न ठेवते तोच समोरच्या बाकावरचे एक गृहस्थ उठून जवळ आले. तक्रारदार बाईंचे ते धाकटे दीर. प्रत्येक तारखेला वहिनींबरोबर यायचे, पिशवीतली पाण्याची बाटली त्यांच्या हातात द्यायचे आणि गप्प बसून राहायचे. मी विमा कंपनीची वकील, म्हणजे त्यांच्या दृष्टीने शत्रुपक्ष. पण माझे फोनवरचे मराठी ऐकून त्यांचा धीर चेपला असावा. "ताई, तुम्ही आपल्यातल्याच निघालात की," असे म्हणून मी काही बोलायच्या आत त्यांनी सांगून टाकले, "तो फॉर्म दादानं भरलेलाच नाही हो. ती रेघ बघा ना, कशी सरळसोट आहे. दादाचा हात केव्हापासून थरथरायचा. सही करतानासुद्धा डाव्या हातानं उजवं मनगट धरायचा तो." हे तुमच्या वकिलांना सांगा, माझ्याशी बोलू नका, असे मी त्यांना जरा तुटकच म्हणाले. त्यांनी हात जोडले आणि बाकावर जाऊन बसले. तेवढ्यात पुकारा झाला, पुढची तारीख मिळाली आणि आम्ही सगळे पांगलो.

ते कोणत्या रेघेबद्दल बोलत होते हे मला विचारावे लागले नाही. आयुर्विम्याच्या प्रपोजल फॉर्मच्या तिसऱ्या पानावर आरोग्याचे प्रश्न असतात. तुम्हाला कधी हृदयविकार, रक्तदाब, मधुमेह, क्षय, फेफरे, मज्जासंस्थेचा विकार झाला आहे काय. गेल्या पाच वर्षांत रुग्णालयात दाखल झाला होता काय. सध्या कोणते औषध चालू आहे काय. प्रश्नांसमोर दोन रकाने, ‘होय’ आणि ‘नाही’. या फॉर्मवर प्रत्येक चौकटीत वेगळी खूण नव्हती. पहिल्या प्रश्नाच्या ‘नाही’पासून शेवटच्या प्रश्नाच्या ‘नाही’पर्यंत बॉलपेनाने एकच उभी रेघ ओढलेली होती. वर, जिथे पेन टेकले तिथे शाईचा जाड ठिपका, आणि खाली पेन उचलताना आलेला बारीकसा बाक. त्याखाली विमेदाराची सही होती. घरी येऊन मी फाइल पुन्हा काढली आणि भिंगाखाली ती सही पाहिली. प्रत्येक अक्षराच्या वळणावर शाई करवतीच्या दात्यांसारखी थरथरलेली होती. कितीतरी वेळा मी ते पान उलटले असेल, पण सही आहे की नाही एवढेच वकील पाहतो. ती कशी आहे हे पाहायचे कारण त्याआधी पडले नव्हते.

त्या गृहस्थांना वाटत होते की आपण भावाच्या बाजूने पुरावा देत आहोत. ज्याचा हात कापतो तो अशी रेघ ओढू शकत नाही, म्हणजे फॉर्म दुसऱ्याने भरला, म्हणजे दादाने काही लपवले नाही, इतका त्यांचा तर्क सरळ होता. त्याच वाक्यातून त्यांनी हेही सांगून टाकले होते की विमा घेण्याआधीपासून दादांना मज्जासंस्थेचा काहीतरी विकार होता, आणि तोही त्या रेघेखालच्या एका प्रश्नात विचारलेला होता. कंपनीने दावा नाकारला होता तो रक्तदाब लपवल्याच्या कारणावरून. थरथरणाऱ्या हाताची कंपनीला कल्पनाच नव्हती. आता ती मला होती.

वकिलीच्या व्यवसायात याला नियम आहे. ज्या पक्षकाराला स्वतःचा वकील आहे त्याच्याशी दुसऱ्या बाजूच्या वकिलाने वादाच्या विषयावर परस्पर बोलू नये, असे बार कौन्सिलच्या नियमावलीतला ३४ वा नियम सांगतो. त्यामुळे व्हरांड्यात कानावर पडलेले मी वापरणार नव्हते; तो प्रश्न तिथल्या तिथे मिटला होता. छळत होती ती सही. ती कोणाच्या तोंडून आलेली नव्हती, ती माझ्याच फायलीत, दोन्ही बाजूंनी मान्य केलेल्या कागदावर होती. पक्षकाराच्या हिताचे जे जे कायदेशीरपणे मांडता येईल ते निर्भयपणे मांडावे, हेही त्याच नियमावलीत लिहिलेले आहे. कोणी काही बोलले नसते आणि एखाद्या संध्याकाळी ती सही माझी मलाच दिसली असती, तर मी काय केले असते?

विम्याच्या कायद्याचा पाया परम सद्भावाचा आहे असे आम्ही शिकतो. बाजारात इतर कोणत्याही सौद्यात विकत घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवायचे असतात; इथे मात्र विकणारा आंधळा असतो, कारण तुमच्या शरीराचे काय चालले आहे हे फक्त तुम्हाला ठाऊक. म्हणून सांगण्याची जबाबदारी तुमची. १९३८ च्या विमा कायद्याचे ४५ वे कलम या तत्त्वाला मुदत घालते. २०१५ च्या दुरुस्तीनंतर पॉलिसीला तीन वर्षे पूर्ण झाली की कोणत्याही कारणावरून, अगदी फसवणुकीच्याही, ती पॉलिसी वादात आणता येत नाही. आमचे विमेदार दुसऱ्या वर्षात गेले. कापड बाजारात मुनीमगिरी करणारे गृहस्थ, सकाळी दुकानात पोहोचले, छातीत कळ आली, आणि रुग्णालयात नेईपर्यंत सगळे आटोपले होते. आणखी वर्ष-सव्वा वर्ष जगले असते तर ती रेघ सरळ होती की वाकडी हे कोणी विचारले नसते. एकच माणूस, एकच आजार, तोच कागद, आणि दाव्याचे भवितव्य एखाद्या तारखेच्या अलीकडे-पलीकडे पूर्ण उलटे, हे नव्या पक्षकाराला समजावताना मला अजूनही अवघडल्यासारखे होते.

सहीबद्दल न्यायालयांचे मत कडक आहे आणि तसे ते असायला हवे असेच मला वाटत आले आहे. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका आयुर्विम्याच्या प्रकरणात स्पष्टच म्हटले की फॉर्म न वाचता सही केली, ही सबब सर्वसाधारणपणे चालणार नाही. दुसऱ्या बाजूला, २०१५ च्या एका निकालात कमरेच्या मणक्याचा विकार सांगितला नव्हता आणि मृत्यू हृदयविकाराने झाला, तेव्हा त्या विकाराचा मृत्यूशी संबंध नाही आणि तो जीवघेणाही नाही म्हणून दावा द्यावा लागला. आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये त्याच न्यायालयाने बजावले की लपवाछपवी झाली हे सिद्ध करण्याचा भार विमा कंपनीवर असतो, नुसते म्हणून भागत नाही. हे तिन्ही निकाल माझ्या टेबलावर एकावर एक पडलेले असतात. कंपनीकडून उभी असेन तर पहिला वर येतो, दाव्याकडून असेन तर खालचे दोन. ऐकणाऱ्याला हे निगरगट्टपणाचे वाटते. माझ्या सासूबाईंना तर वाटतेच. मला मात्र एकाच गोष्टीच्या दोन्ही बाजू मांडता येणे हे काम निगरगट्ट करण्यापेक्षा सावध करणारे वाटत आले आहे.

आमच्या लहानपणी लोकमान्य नगरातल्या घरी मार्च महिना लागला की विम्याचे एजंट काका यायचे. त्यांची हातातली रेक्झिनची बॅग, आईने केलेले पोहे, वर शेव आणि जिरावन, आणि पोह्यांच्या बशीशेजारीच उघडलेला फॉर्म. काकांना आमच्या घरातल्या प्रत्येकाची प्रकृती पाठ होती. आजीचा मधुमेह, आत्याचा थायरॉइड, वडिलांचा हिवाळ्यातला दमा. ते सगळे विचारपूस म्हणून बोलायचे आणि फॉर्मवर मात्र खाली मान घालून भराभर खुणा करायचे. वडिलांनी एकदा दम्याचे विचारले तेव्हा, "अहो, दोन महिन्यांचा खोकला, तो काय आजार म्हणायचा?" असे म्हणून त्यांनी बशीतली शेव तोंडात टाकली होती. यात कट नव्हता. काकांना कमिशन हवे होते, वडिलांना कर वाचवायचा होता आणि दोघांचा एकमेकांवर विश्वास होता. त्या फॉर्मवर सही घेताना काकांनी बोट ठेवून जागा दाखवली, "इथं, इथं आणि इथं." वडिलांनी त्या तिन्ही ठिकाणी सही केली. पुढे पॉलिसीची मुदत पुरी झाली, पैसे मिळाले, कोणी काही उकरले नाही. पण आता दुसऱ्यांचे फॉर्म उलटताना माझ्या मनात हटकून येते, की त्या काळात काही झाले असते तर माझ्यासारखीच एखादी वकील वडिलांच्या दम्याची चिठ्ठी नेहरू पार्कसमोरच्या कोणत्या दवाखान्यात सापडते ते शोधत फिरली असती.

फॉर्म इंग्रजी, समजावणे हिंदीत, घर मराठी. सहीखाली मात्र ‘मजकूर मला समजेल अशा भाषेत समजावून सांगितला’ असा शिक्का असतोच.

माझ्या वकिलीत विमा, खाद्यपदार्थ आणि विमान वाहतूक असे तीन विषय एकत्र कसे आले, असे लोक विचारतात. त्यात योजना काही नव्हती. माझे सीनियर विमा कंपन्यांच्या पॅनलवर होते, त्यांच्या फायली माझ्याकडे आल्या. त्यांतल्या एका फायलीत फरसाणाच्या कारखान्याला लागलेली आग होती. तो दावा निकाली निघाल्यावर कारखानदार स्वतःच दुसऱ्या कामासाठी माझ्याकडे आला, कारण त्याच्या शेवेचा नमुना खाद्य विभागाने उचलला होता. आणि पीथमपूरच्या एका औषध कंपनीचा विमानाने पाठवलेला माल उन्हात पडून खराब झाला, तेव्हा मालाच्या विमा कंपनीने मला विमानाचा कायदा वाचायला लावला. वाचता वाचता लक्षात आले की तिन्हींकडे मूळ व्यवहार एकाच जातीचा आहे. ग्राहकाला आत काय आहे ते दिसत नाही, म्हणून त्याला एक कागद देतात. आणि भांडण लागले की सगळे जण आत काय होते ते सोडून कागदावर काय होते यावर भांडतात.

आगीचीच गोष्ट घ्या. कढईतल्या तेलाने पेट घेतला आणि शेजारच्या गोदामातला बेसन, तेलाचे डबे, पॅकिंगचा रोल असा माल जळाला. सर्व्हेयर आला, राखेत उभा राहून त्याने डब्यांचे वितळलेले पत्रे मोजले, खरेदीची बिले मागितली. कारखानदाराने विमा उतरवताना हप्ता कमी बसावा म्हणून मालाची किंमत कमी दाखवलेली होती. इथे ‘अ‍ॅव्हरेज’चे कलम लागते. समजा गोदामात माल १ कोटीचा आहे, विमा ६० लाखांचा आहे आणि नुकसान झाले २० लाखांचे. तर ६० लाखांच्या आतले नुकसान आहे म्हणून पूर्ण २० लाख मिळतील असे माणसाला वाटते. मिळतात १२ लाख, कारण उरलेल्या चाळीस टक्क्यांचा विमा तुम्ही स्वतःच स्वतःकडे ठेवला होता असे कायदा मानतो. हे गणित मी ज्या ज्या व्यापाऱ्याला सांगितले आहे त्याने आधी अविश्वासाने आणि मग, दरवेळी, आपल्या मुनीमाकडे रागाने पाहिले आहे. या कलमाबद्दल मला कंपन्यांचा राग येत नाही. ते न्याय्य आहे. राग येतो तो दुसऱ्या प्रकाराचा. तळघरातल्या दुकानाला, ते तळघरात आहे हे पूर्ण ठाऊक असताना, पाहणी करून, आगीचा विमा विकायचा, आणि आग लागल्यावर पॉलिसीत तळघराचा अपवाद छापलेला आहे म्हणून हात वर करायचे. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नेमक्या अशाच प्रकरणात कंपनीला ते अपवादाचे कलम वापरू दिले नाही. मी कंपन्यांकडून उभी राहणारी वकील आहे, तरी तो निकाल वाचला त्या दिवशी ऑफिसात सगळ्यांसाठी कचोऱ्या मागवल्या होत्या.

शेवेच्या नमुन्याचे प्रकरण मोती तबेल्याला, कलेक्टर कचेरीत चालले. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यात शिक्षेऐवजी दंड असलेली प्रकरणे अपर कलेक्टरांच्या दर्जाचा अधिकारी ऐकतो. खाद्य सुरक्षा अधिकारी दुकानात येतो, पैसे देऊन माल घेतो, त्याचे चार भाग करतो. प्रत्येक भागाला तपकिरी कागद, दोरा, लाखेचे सील आणि सहीची चिठ्ठी अशी चिकटवलेली की सही अर्धी चिठ्ठीवर आणि अर्धी वेष्टनावर यावी. एक भाग विश्लेषकाकडे जातो, दोन विभागाकडे राहतात, आणि चौथा भाग दुकानदाराने मागणी केली तर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवता येतो. या चौथ्या भागाबद्दल किती दुकानदारांना माहिती असते? नमुना उचलताना दुकानात गर्दी जमलेली असते, शेजारचे लोक डोकावत असतात, अब्रू जात असते, आणि अधिकारी दाखवील तिथे दुकानदार सह्या करतो. इथं, इथं आणि इथं. २०१९ मध्ये राज्यात ‘शुद्ध के लिए युद्ध’ची मोहीम सुरू झाली तेव्हा अशा प्रकरणांचा ढीग लागला होता. त्यात खरोखरीची विषारी माणसे होती, मावा आणि दूध बनावट करणारी, आणि त्यांची गय करावी असे मला कधी वाटले नाही. पण त्याच ढिगात पुष्कळ प्रकरणे अशीही होती ज्यांत पदार्थ चोख होता आणि पाकीट चुकले होते.

माझ्या पक्षकाराच्या अहवालात बेसन शुद्ध, तेल ठीक, रंग नाही, सगळे नीट होते. निष्कर्ष होता ‘मिथ्याछाप’, म्हणजे वेष्टनावरच्या माहितीत खोट. बॅच क्रमांक आणि तारीख ज्या शाईने छापली होती ती तेलकट पाकिटावरून पुसली गेली होती. त्यासाठी ३ लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. "मॅडम, शेव चांगली आहे असं त्यांनीच लिहिलंय ना?" हा त्याचा प्रश्न शेवटपर्यंत टिकून होता. तारीख नसेल तर ती शेव जुनी झाल्यावर खाणाऱ्याला कळणार कसे, हे मी त्याला सांगत असे आणि ते मला मनापासून पटलेले होते. तरीही तो समोर बसून लवंगी शेवेचे पाकीट फोडून टेबलावर ठेवी, ओवा आणि हिंगाचा वास खोलीभर पसरे, आणि माझा युक्तिवाद मलाच थोडा कोरडा वाटू लागे. त्या फायलीवर अजून तेलाचा डाग आहे. विश्लेषकाच्या अहवालाविरुद्ध अपील करायला ३० दिवस असतात, ते त्याच्याकडून केव्हाच निघून गेले होते, कारण अहवाल त्याने गल्ल्याच्या खणात ठेवून दिला होता.

खाद्यपदार्थांच्या खटल्यांची गंगोत्री म्हणून कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला जी गोष्ट सांगतात ती स्कॉटलंडमधल्या पेझ्लीची. १९२८ च्या ऑगस्टमध्ये एका बाईसाठी तिच्या मैत्रिणीने आल्याच्या बिअरची बाटली मागवली. बाटली गडद रंगाची होती, आतले दिसत नव्हते. उरलेली बिअर ओतताना कुजलेली गोगलगाय बाहेर आली, असे तिचे म्हणणे. पैसे मैत्रिणीने दिलेले, त्यामुळे तिचा कोणाशी करार नाही. तरीही उत्पादकाने अनोळखी ग्राहकाची काळजी घ्यायला हवी, असे १९३२ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने तीन विरुद्ध दोन मतांनी ठरवले आणि निष्काळजीपणाचा आधुनिक कायदा तिथून सुरू झाला. विद्यार्थ्यांना सहसा न सांगितलेला भाग असा, की बाटलीत गोगलगाय खरोखर होती का, हे कधीच ठरले नाही. त्यावर साक्षीपुरावा होण्याआधीच उत्पादक वारला आणि प्रकरण तडजोडीने मिटले. सगळ्या जगाने ज्या गोगलगायीवर कायदा उभारला ती गोगलगाय कोणत्याही न्यायालयाच्या नोंदीत सिद्ध झालेली नाही. विद्यार्थिदशेत मला हा मोठा विनोद वाटायचा. आता वाटते की आमचा बहुतेक व्यवसाय असाच चालतो. आत काय होते ते तसेच राहते आणि जबाबदारी कोणाची एवढे ठरते.

विमानाच्या कायद्यात तर माणूस कोणत्या कागदावर बसला आहे यावरून त्याचा कायदाच बदलतो. इंदूरहून मुंबईला जाणाऱ्या सकाळच्या विमानात दोन बायका शेजारी बसल्या आहेत. एक मुंबईला भाचीच्या लग्नाला चालली आहे, दुसरी त्याच तिकिटावर पुढे अमेरिकेला मुलाकडे. विमान तेच, पट्टे तेच, खिडकीतून दिसणारे ढग तेच. पण दुसरीचा इंदूर-मुंबई हा टप्पाही कायद्याने आंतरराष्ट्रीय प्रवास ठरतो आणि तिला १९९९ चा माँट्रियल करार लागू होतो, जो भारताने २००९ मध्ये स्वीकारला. पहिलीला देशांतर्गत नियम. दोघींच्या बॅगा हरवल्या, तर पहिलीची कमाल भरपाई २०,००० रुपये; दुसरीची १,५१९ एसडीआर, म्हणजे सध्याच्या भावाने पावणेदोन-दोन लाखांच्या घरात. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे डॉलर, युरो, युआन, येन आणि पौंड यांच्या मिश्रणातून केलेले हिशेबाचे चलन. ते कोणाच्या पाकिटात नसते. बॅगेत काय होते हे मात्र बायका तपशीलवार सांगतात. नातवासाठी विणलेला स्वेटर, मेतकूट, भाजणीचे दोन डबे, सुनेसाठी महेश्वरी. मी त्यांना आधी एवढेच विचारते, की विमानतळ सोडण्यापूर्वी काउंटरवर तक्रार लिहून दिली का, आणि बॅग फुटलेली मिळाली असेल तर सात दिवसांत लेखी कळवले का. बहुतेक वेळा उत्तर येते, "तिथला मुलगा फार चांगला होता हो, म्हणाला आम्ही फोन करतो." चांगल्या मुलांनी माझे जितके दावे बुडवले आहेत तितके वाईट मुलांनी बुडवलेले नाहीत.

मालाचा हिशेब तर निव्वळ वजनावर. औषधांच्या त्या प्रकरणात माल लाखोंचा होता आणि वजनाला हलका. आंतरराष्ट्रीय हवाई मालासाठी तेव्हाची मर्यादा किलोला २२ एसडीआर होती, आता ती २६ आहे. किंमत आधीच जाहीर करून जादा शुल्क भरले नसेल, तर खोक्यात कर्करोगाचे इंजेक्शन आहे की हिंग, याच्याशी कायद्याला कर्तव्य नसते.

१२ जून २०२५ ला अहमदाबादहून लंडनला निघालेले विमान कोसळले त्यानंतरचे कित्येक दिवस ओळखीपाळखीतून फोन येत राहिले. अहमदाबाद इंदूरपासून रात्रभराच्या बसचे अंतर. प्रत्येकाचे कोणी ना कोणी तिकडे आहे. लोक विचारत होते, किती मिळतात? माँट्रियल कराराच्या २१ व्या अनुच्छेदाप्रमाणे एका मर्यादेपर्यंत विमान कंपनीला आपला दोष नव्हता असे म्हणताच येत नाही. ती मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून १,५१,८८० एसडीआर झाली होती. त्यावर मागितले, तर ते टाळायला कंपनीने आपला निष्काळजीपणा नव्हता हे दाखवायचे. हे मी सांगत होते, आणि सांगताना विमान ज्या वसतिगृहाच्या इमारतीवर पडले तिथल्या माणसांचा विचार मनातून जात नव्हता. तिकीट असलेल्यांसाठी करार आहे. जे तिथे जेवायला ताटावर बसले होते त्यांच्याजवळ कोणतेच तिकीट नव्हते, म्हणून त्यांच्यासाठी तो करारही नाही. त्यांच्या घरच्यांना सर्वसाधारण कायद्याच्या लांबच्या रस्त्याने जावे लागते. ज्याच्याजवळ कागद नाही त्याचे काय, याला माझ्याजवळ समाधानकारक उत्तर नाही, आणि कागदाला सर्वस्व मानणाऱ्या कोणत्याही वकिलाजवळ ते असेल असे वाटत नाही.

तरीही, कागदाऐवजी व्हरांडा चालला असता तर? मी यावर पुष्कळ विचार केला आहे. जो गोड बोलतो, ज्याचा वकील जातीचा, भाषेचा, गल्लीचा निघतो, त्याचे खरे ठरले असते. त्या गृहस्थांनी माझ्याजवळ येण्याचे कारण काय होते? मी मराठी निघाले, एवढेच. माझ्या जागी दुसरे कोणी असते तर त्यांनी तोंड उघडले नसते. अशा योगायोगाने कानावर पडलेल्या सत्यावर कोणाच्या विधवेचे पैसे अवलंबून असू नयेत, मग ते सत्य तिच्या बाजूचे असो की विरुद्ध. फॉर्मला महत्त्व आहे ते यासाठी. माझी तक्रार फॉर्म करणाऱ्यांशी आहे. करणारा दहा वकिलांकडून तो तपासून घेतो, आणि सही करणारा गल्ल्यावर उभा असतो, नाहीतर विमानाच्या रांगेत, नाहीतर पोह्यांच्या बशीसमोर.

कंपनीला मी अभिप्राय लिहिला. रेघ आणि सही या दोन हातांच्या आहेत असे नुसत्या डोळ्यांना दिसते, त्यामुळे प्रश्न विमेदाराला विचारले गेले होते हे सिद्ध करणे अवघड जाईल, एजंटाचे शपथपत्र नाही, तडजोड करावी. सही तशी का आहे यावर मी तर्क केला नाही. तसा तर्क करायला वैद्यकीय कागद लागतो आणि तो फायलीत नव्हता, हे कारण माझ्यासाठी पुरेसे होते. ते पुरेसे व्हावे अशी माझी इच्छाही होती, आणि या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नाहीत. कंपनीने उलट कळवले, लढा. मी लढले, आणि चांगले लढले. आयोगाने दावा व्याजासह मंजूर केला, पण रेघेमुळेही नाही आणि सहीमुळेही नाही. रक्तदाबाचा एकमेव पुरावा म्हणजे रुग्णालयाच्या केसपेपरवरची ‘नोन केस ऑफ हायपरटेन्शन’ ही नोंद. ती माहिती कोणी सांगितली ते तिथे लिहिलेले नव्हते आणि ती लिहिणाऱ्या डॉक्टरांचे शपथपत्र कंपनीने आणले नव्हते. थरथरणाऱ्या हाताबद्दल त्यांच्या वकिलांनी शेवटपर्यंत एक शब्द काढला नाही. त्यांना सांगितलेच गेले नसेल, किंवा सांगितल्यावर त्या वाक्याची दुसरी धार त्यांच्याही लक्षात आली असेल.

भोपाळला राज्य आयोगाकडे अपील करायला ४५ दिवस असतात आणि अर्धी रक्कम आधी भरावी लागते. अपील करू नये असे मी लिहिले, आणि या वेळी कंपनीने ऐकले.

अशा रेघा आता फायलींत क्वचित दिसतात. एजंट टॅबलेट घेऊन येतात, पडद्यावर एकेक प्रश्न सरकतो, शेवटी विमेदाराच्या फोनवर ओटीपी येतो आणि तो सांगितला की सही झाली. परवा आलेल्या फायलीतल्या फॉर्मवर आरोग्याच्या सगळ्या प्रश्नांसमोर ‘नाही’ छापून आलेले आहे, सुबक, एका मापाच्या अक्षरात. विमेदार ग्वाल्हेरकडच्या खेड्यातले आजोबा. फोन बटणांचा, आणि फॉर्मवर नोंदलेला मोबाइल क्रमांक त्यांच्या नातवाचाही नाही. मी कंपनीला पत्र लिहून विचारले आहे की पडद्यावर ते ‘नाही’ आधीपासून निवडलेले येते का, सगळे प्रश्न पुरे व्हायला किती सेकंद लागले याची नोंद सर्व्हरवर आहे का, आणि तो क्रमांक नेमका कोणाचा आहे. पहिल्या दोन प्रश्नांसाठी त्यांनी मुदत मागितली आहे. तिसऱ्याचे उत्तर आले. क्रमांक एजंटाच्या मेहुण्याचा आहे.